जुन्या चेतकचा कार्बोरेटर ट्यून कसा करायचा? ई२० पेट्रोलच्या काळातली पूर्ण माहिती

गुगलवर "चेतक" शोधलं की आता आधी इलेक्ट्रिक स्कूटर येते. हा लेख तिच्याबद्दल नाही. १९७२ मध्ये बजाजने बाजारात आणलेली, आकुर्डीत बनलेली, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, त्या टू-स्ट्रोक चेतकबद्दल आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया किंवा जुनी एलएमएल वेस्पा असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू होतं, कारण या गाड्यांचे कार्बोरेटर एकाच इटालियन घराण्यातले आहेत.

कोकणात अशा स्कूटर अजून खूप आहेत. आमची इन्सुलीला, आजोबांच्या घराच्या पडवीत असते. वर्षातले अकरा महिने ती पोत्याखाली झाकलेली असते आणि गणपतीला चाकरमानी आले की अचानक तिने बांद्याच्या बाजाराच्या दिवसाला चार फेऱ्या माराव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ती मारत नाही. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन "कारबेटर" पिळायला बसतो.

तीन वर्षांपूर्वी तो कोणीतरी मी होतो. मायलेज वाढवायच्या एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे मी स्क्रू आत फिरवला. गाडी हलकी वाटली, धूर कमी झाला, मी खूश. दुसऱ्या दिवशी काकीला मागे बसवून सावंतवाडीकडे निघालो आणि इन्सुली घाटात, निम्म्या चढावर, मागचं चाक एकदम लॉक झालं. पिस्टन जॅम. वेग कमी होता म्हणून आम्ही दोघं पडलो नाही. मागून ट्रक येत नव्हता, हे नशीब.

म्हणून कुठला स्क्रू किती फिरवायचा याच्या आधी कोणत्या बाजूची चूक महागात पडते हे समजून घेऊ.

कार्बोरेटर नक्की करतो काय?

तुमच्या फोनचा ब्राइटनेस ऑटोवर असतो. सेन्सर उजेड मोजतो, सॉफ्टवेअर स्क्रीन कमी-जास्त करतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाक्यांमध्ये फ्यूल इंजेक्शन आलं, ते असंच चालतं: सायलेन्सरकडचा सेन्सर सांगतो की मिक्स्चर पातळ झालंय, कंप्युटर पेट्रोल वाढवतो.

कार्बोरेटर म्हणजे मॅन्युअल ब्राइटनेस. एकदा लावला तसा राहतो. हवा बदलली, पेट्रोल बदललं, गाव बदललं, त्याला काही कळत नाही. कळवून घेणारा सेन्सर म्हणजे तुम्ही.

आतली युक्ती साधी आहे. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते (चेतकच्या कार्बोरेटरचा गळा साधारण २० मिमीचा). अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि बाजूच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. या भोकाला जेट म्हणतात. वाटीत पेट्रोलची पातळी कायम ठेवायला फ्लोट असतो, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा.

जेट मुख्यतः दोन. गाडी उभी असताना आणि साधारण पाव एक्सलेटरपर्यंत स्लो जेटचा कारभार चालतो. त्यापुढे मेन जेट. बाहेरून जो मिक्स्चरचा स्क्रू फिरवता येतो तो फक्त स्लो जेटच्या भागावर काम करतो. लोक हेच विसरतात. चढावर फुल एक्सलेटरमध्ये गाडी काय पितेय ते मेन जेट ठरवतो, आणि तो बदलायचा तर काढून दुसऱ्या नंबरचा घालावा लागतो. मग माझ्या स्क्रूने घाटात पिस्टन कसा जॅम झाला? मेन जेट आधीच कमी पडत होता. मी त्यात स्लो जेटचं पेट्रोलही कापलं. आधीच तापत असलेल्या इंजिनाला तेवढं पुरलं.

लीन आणि रिच

पेट्रोल कमी, हवा जास्त म्हणजे लीन. पेट्रोल जास्त म्हणजे रिच.

रिच गाडी धूर काढते, प्लग काळा करते, पेट्रोल खाते, खाली फटफट करते. त्रासदायक, पण इंजिन मरत नाही. लीन गाडी मात्र सुरुवातीला छान वाटते. आवाज मोकळा, धूर नाही. आतलं तापमान तेवढ्यात वाढत असतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी झालं की पिस्टनचं वंगणही कमी झालं. फुगलेला पिस्टन आणि सुकं सिलिंडर: याचंच नाव सीज होणं.

शंका असेल तर रिचच्या बाजूला राहा. मायलेज पाहिजे असेल तर दुसरी गाडी घ्या, हे मी गंभीरपणे सांगतोय.

इथे एक गंमतशीर चूक सांगायला हवी. "सेफ्टी म्हणून" काहीजण ऑइल दुप्पट घालतात. चेतकला प्रमाण २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. ते ५ टक्के केलंत तर जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तितकं कमी झालं. म्हणजे मिक्स्चर उलट लीन झालं! ऑइल मोजूनच घाला. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण सुद्धा चालतं.

ई२० ने काय बदललं?

जुन्या स्कूटरवाल्याने समजून घ्यायलाच हवा असा हा भाग.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हा आकडा साधारण १३.५ वर येतो. तेवढ्याच हवेसाठी आता जवळपास ८ टक्के जास्त इंधन हवं.

इंजेक्शनची गाडी हे आपोआप भरून काढते. तुमच्या आजोबांच्या स्कूटरचा जेट १९८५ चा आहे, त्याला भारत सरकारचं धोरण माहीत नाही. तो पूर्वीइतकंच सोडत राहतो, आणि गाडी कोणी हात न लावता लीन होते.

देशात सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, ई२० ची विक्री २०२३ पासून सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. म्हणजे तुमची गाडी २०१५ ला कोणी नीट ट्यून केली असेल आणि नंतर बघितलीच नसेल, तर ती आज नीट नाही.

आता जेटचा हिशोब. जेटवर छापलेला नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९८ म्हणजे ०.९८ मिमी. पेट्रोल किती जाईल ते व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून वर्ग करायचा. ९८ चा जेट काढून १०० चा घातला तर क्षेत्रफळ ४ टक्क्यांनी वाढतं. १०२ चा घातला तर ८ टक्क्यांनी. पूर्वीच्या शुद्ध पेट्रोलवर सेट केलेल्या गाडीला साधारण चार नंबर मोठा जेट, आणि १० टक्केवाल्या काळात सेट केलेल्या गाडीला दोन नंबर मोठा, इथून सुरुवात करा. तुमच्या गाडीत सध्या कुठला आहे ते आधी काढून बघा. चाळीस वर्षांत चार मेकॅनिकनी चार वेगळे घातलेले असू शकतात. आमच्यात होता त्यावरचा नंबर कोणीतरी घासून टाकला होता.

जॅम झालेली गाडी ढकलत खाली आणल्यावर गावच्या मेकॅनिकने प्लग बाहेर काढून एक नजर टाकली आणि एवढंच म्हणाला, "पेट्रोल कमी पडता हा तेका." हिशोब मी नंतर केला. उत्तर तेच आलं.

आधी कार्बोरेटर सोडून बाकी सगळं बघा

गाडी नीट चालत नाही म्हणजे कार्बोरेटरच, असं नसतं. प्लग नवीन घाला, गॅप ०.६ मिमी. एअर फिल्टर पेट्रोलने धुऊन सुकवा. सायलेन्सर कार्बनने भरलाय का बघा. पॉइंट काळे पडलेत का बघा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिनामधलं गॅस्केट फाटलं, किंवा क्रँकचं ऑइल सील गेलं, की चोरवाटेने हवा आत येते आणि मिक्स्चर लीन होतं. ओळखायची खूण: एक्सलेटर सोडल्यावर रेस पटकन खाली येत नाही, वरच रेंगाळते. असं होत असेल तर स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. आणि गॅस्केट बदलल्यावर बोल्ट दात-ओठ खाऊन पिळू नका. हा कार्बोरेटर मऊ धातूचा आहे, वाकतो, आणि मग कायमची गळती लागते.

त्यानंतर साफसफाई. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि कंप्रेसरची हवा पुरे. टाचणी, सेफ्टी पिन, तार यातलं काहीही जेटमध्ये घालू नका. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. तुम्ही ते साफ नाही करत, मोठं करता. उघडण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो काढा. मेन जेट वेगळा दिसणार नाही, तीन तुकडे एकात एक बसवलेली उभी नळी असते, तिच्या तळाशी तो असतो.

प्रत्यक्ष ट्यूनिंग

इंजिन गरम हवं. दहा मिनिटं गाडी फिरवून आणा, मगच हात लावा. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग फुकट जातं. चोक बंद आहे ना बघा.

उजवीकडचं इंजिनाचं कव्हर काढा. दोन स्क्रू महत्त्वाचे. एक वरच्या बाजूला उभा असतो, तो फक्त रेसचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती फिरावं याचा. दुसरा मागच्या बाजूला, डब्याच्या भोकातून आत जावं लागतं, तो मिक्स्चरचा. चेतकमध्ये मिक्स्चरचा स्क्रू आत फिरवला की लीन, बाहेर काढला की रिच. दुसऱ्या कुठल्या गाडीवर असाल तर हे उलटं असू शकतं. साधारण नियम असा की स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचं मिश्रण मोजतो, बाहेर काढला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, बाहेर काढला की लीन. लॅम्ब्रेटा किंवा विजय सुपर असेल तर आधी हे तपासा.

मिक्स्चरचा स्क्रू हळूच, जोर न लावता, पूर्ण आत न्या. जोर लावलात तर टोक खराब होईल. तिथून दीड फेरी बाहेर. गाडी चालू करा आणि वरच्या स्क्रूने रेस थोडी वाढवून ठेवा.

आता मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरी आत न्या आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. एका जागी इंजिन धापा टाकायला लागेल, बंद पडायला येईल. ती लीनची हद्द. परत बाहेर यायला लागा. रेस वाढेल, एकसारखी होईल, आणि मग अजून बाहेर गेलात की आवाज जड होऊन फटफट सुरू होईल. ती रिचची हद्द. या दोन्हींच्या मध्ये जिथे रेस सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात स्वच्छ, तिथे थांबा. मग तिथून पाव फेरी आणखी बाहेर, सुरक्षेसाठी. शेवटी वरच्या स्क्रूने रेस खाली आणा. एक्सलेटर झटक्यात दिला तर गाडीने न अडखळता उचललं पाहिजे, सोडला तर लगेच खाली यायला हवं.

स्क्रू तीन-चार फेऱ्या बाहेर काढूनही काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट अजून चोंदलेला आहे. परत साफ करा.

कानावर भरवसा नसेल तर फोन वापरा. आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन प्रत्येक फेरीला एकदा फुटतं, म्हणून हर्ट्झला ६० ने गुणलं की मिनिटाचे फेरे मिळतात. २० हर्ट्झ म्हणजे १२००. फोनचा माइक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही, पण ४०, ६०, ८० अशी शिखरं दिसतात. दोन शिखरांमधलं अंतर हाच तुमचा आकडा. (चार-स्ट्रोकला १२० ने गुणायचं.) पाव फेरीने रेस वाढली की कमी झाली हे कानापेक्षा यात लवकर कळतं. किती फेऱ्या, कुठला जेट, कुठली तारीख, हे नोट्समध्ये लिहून ठेवा. पुढच्या गणपतीला तुम्हाला आठवणार नाही.

मेन जेट बरोबर आहे का?

हे उभ्या गाडीवर कळत नाही. नवा प्लग घाला, रिकामा सरळ रस्ता बघा (हायवे नको, कृपया), तिसऱ्या गिअरमध्ये फुल एक्सलेटरवर अर्धा-एक किलोमीटर जा. मग एक्सलेटर न सोडता क्लच दाबा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा. बाजूला थांबून प्लग काढा. हात भाजेल, फडकं घ्या.

आतलं पांढरं चिनीमातीचं टोक दुधाच्या चहासारखं तपकिरी असेल तर जेट बरोबर. पांढरंफटक असेल तर लीन, मोठा जेट घाला आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. काळं ओलसर असेल तर रिच. इथेनॉलच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीपेक्षा फिकट येतो, तेव्हा मध्येच वाटलं तर मोठ्या जेटच्या बाजूने निर्णय घ्या.

उंचीचाही परिणाम होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथली हवा सुमारे ५ टक्के विरळ. मिक्स्चरवर त्याचा परिणाम निम्म्याइतका होतो, पण दिशा महत्त्वाची: पुण्यात अगदी काठावर ट्यून केलेली स्कूटर कोकणात उतरवली की आणखी लीन होते. उलट इन्सुलीला सेट केलेली गाडी आंबोलीला नेली तर थोडी रिच होईल, त्याने बिघडत नाही.

घाट: चढताना आणि उतरताना

चढावर गाडी अचानक दमल्यासारखी वाटली, आवाज बदलला, तर लगेच क्लच दाबा. जॅम होण्याआधीची ती सूचना असते. चाक लॉक झालंच तर सुद्धा क्लच. म्हणून जुन्या स्कूटरवर चढताना डाव्या हाताची बोटं क्लचवर असावीत. थांबल्यावर लगेच कीक मारू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. हलका जॅम असेल तर पिस्टन सुटतो, पण त्यानंतर सिलिंडर उघडून ओरखडे बघून घ्या.

उतरताना धोका वेगळा. सावंतवाडीकडून इन्सुलीला उतरताना एक्सलेटर बंद, गिअरमध्ये, इंजिन ब्रेक लावल्यासारखं फिरतंय. फेरे जास्त, पेट्रोल जवळजवळ शून्य, म्हणजे ऑइलही शून्य. लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडा एक्सलेटर द्या. जुने लोक हे न सांगता करायचे.

आणि ते स्कूटर तिरकी करून कीक मारणं? तिरकी केली की वाटीतलं पेट्रोल हलून थोडं गळ्यात उतरतं, म्हणजे चोकचंच काम होतं. चोक चालू असलेल्या, जेट साफ असलेल्या गाडीला त्याची गरज पडत नाही. तुमच्या गाडीला रोज तिरकं व्हावं लागत असेल तर चोकची तार आणि फ्लोट बघा.

मुंबईला परत जाण्याआधी

इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणाच्या हवेत पाण्याची कमी नाही. अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या गाडीत पुरेसं पाणी साचलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. वर पेट्रोल आणि ऑइल. रिझर्व्हची नळी तळातूनच ओढते, म्हणजे पुढच्या वर्षी पहिल्या कीकला इंजिन ऑइल नसलेलं पाणीदार मिश्रण पिणार.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी सीटखालचा पेट्रोल कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा; वाटी रिकामी होते आणि जेट चिकटत नाहीत. टाकीतलं पेट्रोल काढून गावातल्या कोणाच्या तरी गाडीत घाला. त्यात २ टक्के ऑइल आहे, म्हणून ते टू-स्ट्रोकच्याच गाडीला द्या. जुनी रबरी पेट्रोल नळी चिकट किंवा फुगलेली वाटली तर इथेनॉलला टिकणारी घ्या, आणि फ्लोटच्या सुईचं रबरी टोकही त्याच वेळी बदला. पुढच्या वर्षी ताजं पेट्रोल, मोजून ऑइल, आणि स्क्रूला हात लावण्याआधी नोट्समधला आकडा.